वावटळ आणि विहीर : औंध संस्थानच्या परिसरातील कथनात्म साहित्यातील भयाचे स्वरूप

प्रास्ताविक

युद्ध आणि साहित्य यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना मराठी समीक्षेपुढे एक अडचण उभी राहते. ज्या भूभागाने दोन्ही महायुद्धांत मोठ्या संख्येने माणसे पाठविली, त्या भूभागाच्या कथा-कादंबऱ्यांत महायुद्ध जवळजवळ दिसतच नाही. सातारा तालुक्यातील अपशिंगे या गावचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. असे असूनही या जिल्ह्याच्या ग्रामीण कथेत रजेवर आलेला फौजी येतो, त्याची ट्रंक येते, मनिऑर्डरची वाट पाहणारी म्हातारी येते; खंदकातली रात्र मात्र येत नाही. लढाईवर गेलेला माणूस लिहिणारा नव्हता आणि लिहिणारा माणूस लढाईवर गेला नव्हता, हे त्याचे साधे कारण सांगता येईल. ते पुरेसे नाही, पण खोटेही नाही.

याचा अर्थ मराठी कथनात्म साहित्याला सामूहिक हिंसेचे आणि तिच्या मागे उरणाऱ्या भयाचे भान नाही असा होत नाही. ते भान वेगळ्या ठिकाणी शोधावे लागते. प्रस्तुत लेखात हा शोध औंध संस्थान आणि विशेषतः त्याचा आटपाडीकडील माणदेशी भाग एवढ्या मर्यादित परिसरात घेतला आहे. या लहानशा मुलखातून ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात असे तीन महत्त्वाचे लेखक पुढे आले. तिघांनीही आपापल्या परीने हिंसा आणि भय यांविषयी लिहिले आहे. परंतु ‘भय’ या एकाच सूत्रावर त्यांना एकत्र ठेवून वाचण्याचा प्रयत्न क्वचितच होतो.

‘रणांगण’ : लढाईविना युद्ध

या विषयाकडे वळण्यापूर्वी विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत लिहिलेली ही कादंबरी युरोपहून परतणाऱ्या एका बोटीवर घडते. निवेदक चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची ही कहाणी आहे. नाव ‘रणांगण’, पण संपूर्ण कादंबरीत एकही लढाई नाही. बोटीवर जेवण आहे, गप्पा आहेत, प्रेम आहे. ज्यांना मागे परतता येत नाही आणि ज्यांना पुढे कोणी बोलावलेले नाही अशी माणसे त्या बोटीवर आहेत. भय त्यांच्या वागण्यात मुरलेले आहे. ते बोलून दाखविण्याची गरज त्यांना वाटत नाही.

बेडेकरांनी घेतलेला निर्णय पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भय हॅर्टाचे आहे, पण कथन चक्रधरचे आहे. त्याला उतरण्यासाठी मुंबई आहे, घर आहे, देश आहे. तो उतरतो, ती पुढे जाते आणि आपले जीवन संपविते. सुरक्षित माणसाने असुरक्षित माणसाची कथा सांगितली की त्या कथेत भयापेक्षा अपराधभाव अधिक येतो, हे ‘रणांगण’ने दाखवून दिले. भय भोगणारा आणि भय सांगणारा यांच्यातील अंतर किती, हा प्रश्न येथूनच पुढच्या प्रत्येक कलाकृतीला विचारता येतो.

औंध, १९३९

‘रणांगण’ प्रसिद्ध झाले त्याच वर्षी औंधमध्ये एक वेगळी घडामोड होत होती. सूर्यनमस्कार, चित्रकला आणि कीर्तन यांसाठी प्रसिद्ध असलेले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जानेवारी १९३९ मध्ये संस्थानाची सत्ता प्रजेकडे सोपविणारी राज्यघटना अमलात आणली. तिच्या घडणीत महात्मा गांधींचा सल्ला होता, युवराज अप्पासाहेब पंत यांचा उत्साह होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश ज्यू अभियंत्याचे परिश्रम होते. फ्रीडमन वॉर्साचे. ‘रणांगण’मधील प्रवासी ज्या आगीपासून पळत होते, ती आग पुढे ज्या शहराला गिळणार होती, त्या शहराचा हा माणूस माणदेशातील ग्रामपंचायतींची घडी बसवीत होता. हा योगायोग आहे, त्यावर सिद्धान्त उभारू नये; तथापि औंध हे जगापासून तुटलेले खेडे होते ही समजूत त्याने ढिली व्हायला हरकत नाही.

याच प्रयोगाचा एक भाग म्हणजे आटपाडीजवळ वसविलेली स्वतंत्रपूर ही मुक्त कैद्यांची वसाहत. खुनाच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना भिंतींशिवाय, शेतीच्या कामावर ठेवण्याची ती कल्पना होती. ग. दि. माडगूळकरांनी या अनुभवातून कथा घेतली आणि व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटाने ती देशभर आणि देशाबाहेर नेली. चित्रपटाची भाषा हिंदी असली तरी त्याची माती औंधची आहे.

या कथेचे कौतुक प्रायः माणसाच्या चांगुलपणावरील श्रद्धा म्हणून केले जाते. भयाच्या अंगाने पाहिले तर मात्र तिच्यात एक गुंतागुंत आढळते. बेड्या काढल्या जातात, भिंती जातात, पहारा जातो. त्यांच्या जागी जेलरचे डोळे येतात. पळून गेलेले कैदी परततात ते कोणी पकडून आणले म्हणून नव्हे, तर ते डोळे मनातून जात नाहीत म्हणून. येथे भय नाहीसे झालेले नाही, ते आत वळले आहे. दंडाचे भय आणि नजरेचे भय यांत नैतिक फरक निश्चितच आहे, आणि ग. दि. माडगूळकर दुसऱ्याच्या बाजूने निःशंकपणे उभे राहतात. सत्ता सज्जन असेल तर भयाचे रूपांतर लाजेत होते, असा या कथेचा विश्वास आहे. आपल्या राजाविषयी औंधच्या प्रजेला जे वाटत होते, त्याचाच तो एक उच्चार म्हणता येईल. या विश्वासाची परीक्षा कथेबाहेर, फार लवकर झाली होती.

‘वावटळ’ : ओळखीच्या वाटेवरचे भय

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी पुण्याचा आणि ब्राह्मण असल्याचे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ब्राह्मणांच्या घरांवर हल्ले झाले. अनेक गावांत घरे जाळण्यात आली. ८ मार्च १९४८ रोजी, म्हणजे जेमतेम साडेपाच आठवड्यांनी, औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. गांधींच्या सल्ल्याने घडविलेल्या राज्याचा शेवट गांधींच्या हत्येच्या धुरातच व्हावा, यातील विसंगती इतकी उघड आहे की तिच्यावर भाष्य करण्याची गरज भासू नये. आश्चर्य आहे ते दुसऱ्या गोष्टीचे. लाखो लोकांच्या आठवणीत राहिलेल्या या घटनेवर मराठीत कथात्म लेखन अगदी मोजके झाले. त्या मोजक्यांत व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ (१९६४) अग्रस्थानी आहे. घटनेनंतर ती प्रसिद्ध व्हायला सोळा वर्षे जावी लागली. या सोळा वर्षांतच भयाचा दीर्घकालीन परिणाम वाचता येतो: काही गोष्टी घडून गेल्यावर त्यांना शब्द मिळेपर्यंत लेखकाचे अर्धे लेखनायुष्य खर्ची पडते.

‘वावटळ’चा आकार लहान आहे आणि रचना प्रवासाची आहे. हत्येची बातमी पुण्यात पोहोचते, तरुण निवेदक आणि त्याचे सोबती गावाकडे निघतात, आणि कादंबरी त्यांच्याबरोबर चालू लागते. निवेदक घटनेच्या केंद्रात उभा नाही. तो तिच्या दिशेने जातो आहे. हिंसेचे वर्णन करण्याची संधी लेखकाला होती, आणि एखाद्या दुय्यम लेखकाने ती सोडली नसती. माडगूळकरांचे लक्ष आग लागण्याच्या क्षणापेक्षा त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या काळावर अधिक आहे. आधी काय होईल हे ठाऊक नसणे आणि नंतर काय झाले हे ठाऊक असणे, या दोन अवस्थांमध्ये ही कादंबरी भय पाहते.

तिचे वेगळेपण ‘बनगरवाडी’ (१९५५) शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. ‘बनगरवाडी’तही एक तरुण माणदेशात वाट तुडवीत जातो. तो औंध संस्थानचा शाळामास्तर आहे, वय कोवळे आहे, वाडी परकी आहे, धनगरांच्या रीतीभाती त्याला माहीत नाहीत. तरीही हळूहळू त्या परकेपणाची ओळख होते. कारभारी, आनंदा रामोशी, आयबू ही माणसे त्याला वाडी वाचायला शिकवितात. बैलाच्या जोडीला बैल नाही म्हणून शेकूची बायको जू खांद्यावर घेते तेव्हा तेथे दारिद्र्य दिसते. दहशत दिसत नाही. दुष्काळ पडतो, वाडी उठते, मेंढरे घेऊन माणसे दूर जातात. पण ती ज्याच्यापासून पळतात तो शत्रू मनुष्यरूपात समोर नाही. राजा स्वतः वाडीवर येतो, तालमीचे उद्घाटन होते. शासन, शाळा आणि वाडी यांच्यात विश्वासाचा एक धागा शेवटपर्यंत टिकून राहतो.

‘वावटळ’मध्ये हीच प्रक्रिया उलट दिशेने घडते. तेथे परके ओळखीचे होत होते. येथे ओळखीचे परके होते. त्याच मुलखातील बाभळी, ओढे, माळ आणि पायवाटा आहेत. निसर्गाच्या बारीक नोंदी घेणारी माडगूळकरांची नजरही तीच आहे. मात्र आता प्रत्येक नोंदीमागे एक हिशेब आहे: समोरून येणारा माणूस कोण, तो थांबेल की पुढे जाईल, त्याने ओळख दिली तर ती कशासाठी. पूर्वी कुतूहलाने पाहणारा डोळा आता सावधपणाने पाहतो. भयाचे याहून अचूक चित्रण मराठीत विरळा आहे. येथे भय ही मनात उसळून येणारी भावना नसून पाहण्याची सवय झाली आहे, आणि सवय प्रसंग सरल्यानंतरही जात नाही.

कादंबरीच्या संयमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. निवेदकाच्या बोलण्यात द्वेष नाही, सूडाची भाषा नाही. हा संयम खरा आहे. परंतु त्याची किंमत शीर्षकात मोजली गेली आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वावटळ ही माणदेशातील उन्हाळ्याची नेहमीची गोष्ट. तापलेल्या माळावर धूळ आणि पाचोळा गरगरत वर उठतो, एखादे छप्पर उचकटतो आणि निघून जातो. वावटळीला कोणी पाठविलेले नसते. तिला जात नसते, हेतू नसतो, तिच्यावर खटला भरता येत नाही. हे रूपक निवडून लेखकाने गावातल्या माणसांना आरोपातून मोकळे केले, आणि एका परीने स्वतःलाही त्यांच्याशी पुन्हा बोलता येईल अशी वाट ठेवली. ज्याला त्या मुलखाविषयी आयुष्यभर लिहायचे होते त्याला दुसरा मार्ग नव्हता, असेही कोणी म्हणेल. पण त्याच रूपकामुळे कारणांचा शोध थांबला. शतकभराचे ब्राह्मणेतर राजकारण, कुळ आणि सावकार यांचे संबंध, जुने हेवेदावे, आणि गांधींविषयीचे खरेखुरे दुःख हे सर्व त्या जमावात एकत्र आले होते. धुळीच्या लोटात ते वेगवेगळे दिसेनासे झाले.

‘वावटळ’ची दुसरी मर्यादा दृष्टिकोनाची आहे, आणि ती दोष म्हणून नोंदविणे अन्यायाचे होईल. कादंबरीतील भय आघातासारखे जाणवते, कारण त्याच्यापूर्वी सुरक्षितता होती. घर होते, मान होता, वाटेने जाताना कोणी अडवील अशी शंका नव्हती. मोडण्याजोगे काही असेल तरच मोडतोड होते. त्याच तालुक्यात अशीही माणसे होती की ज्यांच्या बाबतीत ३० जानेवारीपूर्वीचा आणि नंतरचा काळ असा भेद करताच आला नसता.

वानरांची लढाई

त्या माणसांकडे वळण्याआधी माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीची दखल घ्यावी लागते. वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाची ही कथा आहे आणि तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिच्यात मुलूख आहे, हद्द आहे, चढाई आहे, पराभव आहे आणि पराभवानंतरचे भय आहे. युद्धकथेला लागणारे सर्व काही आहे, फक्त माणूस नाही. वन्यजीवनाचे निरीक्षण म्हणून ती अव्वल दर्जाची आहे. परंतु ‘वावटळ’नंतर अठरा वर्षांनी तोच लेखक हिंसेकडे पुन्हा वळतो तेव्हा ती थेट निसर्गाच्या स्वाधीन करतो, हे योगायोगाचे वाटत नाही. वावटळीचे रूपक येथे पूर्णत्वाला गेले आहे. वानरांना न्याय-अन्याय विचारता येत नाही. म्हणून वाचकालाही विचारावा लागत नाही.

विहिरीतला माणूस

शंकरराव खरात यांचा जन्म १९२१ मध्ये आटपाडीत, महार कुटुंबात झाला. व्यंकटेश माडगूळकर त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, त्याच परिसरातले. खरातांचे ‘तराळ अंतराळ’ (१९८१) हे आत्मचरित्र असल्याने त्याला कथात्म साहित्याच्या चर्चेत आणावे काय, असा आक्षेप घेता येईल. तथापि ‘वावटळ’ही अनुभवाच्या फार जवळची कादंबरी आहे, आणि खरात हे मुळात कथाकार असल्याने त्यांच्या आत्मचरित्रातील प्रसंगांची बांधणी कथेचीच आहे. भयाच्या अभ्यासात ही भिंत फार उंच करू नये.

‘तराळ अंतराळ’मधील विहिरीचा प्रसंग सर्वपरिचित आहे. गावाबाहेरच्या विहिरीत प्रेत सापडते. तराळकीची पाळी असलेल्या वडिलांना त्याची राखण करावी लागते, आणि मुलगा त्यांच्यासाठी भाकरी घेऊन जातो. पोलीस येतात. प्रेत वर काढण्यासाठी त्यांच्या हुकमाने वडिलांनाच खाली उतरावे लागते. विहिरीत साप आहे. मुलगा काठावरून पाहतो आहे.

एवढ्याशा प्रसंगात भयाचे किती थर आहेत ते मोजण्यासारखे आहे. प्रेताचे भय आहे, सापाचे आहे, खोल पाण्याचे आहे. या सगळ्यांहून मोठे भय वर, कोरड्या जमिनीवर उभ्या असलेल्या पोलिसाचे आहे. खाली उतरणे जिवावरचे आणि नाही म्हणणे त्याहून जिवावरचे. खरात यांनी हा प्रसंग सांगताना एकही रूपक वापरलेले नाही. वावटळ नाही, वणवा नाही. कामाचे नाव ‘तराळकी’ आहे, ती वतनाने आलेली आहे, आणि हुकूम देणाऱ्याच्या अंगावर गणवेश आहे. कारण शोधायला कोठेही जावे लागत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे या प्रसंगाला तारीख नाही. १९४८ सालची घटना इतिहासाच्या पुस्तकात नोंदली जाते. पाळीने येणाऱ्या तराळकीची नोंद कोणत्या पानावर करावी? कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ मध्ये झाला. त्या कायद्याचा कागद एवढीच काय ती या भयाची तारीख.

कथनाच्या दृष्टीने तुलना आणखी पुढे नेता येते. ‘रणांगण’मध्ये भय दुसऱ्याचे आणि कथन सुरक्षित माणसाचे होते. ‘वावटळ’मध्ये ज्याचे भय त्याचेच कथन आहे. ‘तराळ अंतराळ’मध्ये भय वडिलांचे आहे आणि कथन मुलाचे, पण हा मुलगा चक्रधरसारखा बोटीवरून उतरून जाऊ शकत नाही. वडील खाली आहेत तोवर विहिरीच्या काठावरून हलण्याची त्याला मुभा नाही, आणि रीतीप्रमाणे मोठेपणी ती पाळी त्याच्यावरच येणार आहे. पाहणे आणि वाट्याला येणे यांतील अंतर येथे फक्त काही वर्षांचे आहे. अपराधभावाला जागा नाही. हातात भाकरीचे फडके आहे.

अभ्यासक्रमातील दोन कप्पे

‘वावटळ’ आणि ‘तराळ अंतराळ’ ही पुस्तके एकाच तालुक्यातील आहेत, हे पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला सहसा सांगितले जात नाही. पहिले ‘ग्रामीण साहित्य’ या कप्प्यात शिकविले जाते, दुसरे ‘दलित साहित्य’ या कप्प्यात. दोन्हींचे प्रश्न निराळे, संदर्भ निराळे आणि बहुधा अध्यापकही निराळे. व्यंकटेश माडगूळकर १९८३ मध्ये अंबाजोगाईच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि शंकरराव खरात १९८४ मध्ये जळगावच्या. लागोपाठच्या दोन वर्षी एकाच दुष्काळी मुलखाकडे हा मान गेला, तेव्हाही या दोघांना एकमेकांच्या उजेडात वाचण्याचा प्रयत्न फारसा झाला नाही.

कप्पे सोयीचे असतात. परंतु या विशिष्ट बाबतीत ते अभ्यासविषयच दुभंगून टाकतात. ‘वावटळ’ एकटी वाचली तर १९४८ पूर्वीचे खेडे हे सलोख्याचे खेडे होते असा समज होतो, आणि त्या खेड्यात विहिरीत उतरावे लागणारा माणूस होता हे विसरले जाते. ‘तराळ अंतराळ’ एकटे वाचले तर गावातील वरच्या घरांतही एक दिवस असे भय शिरले की ती घरे पुन्हा पूर्वीसारखी झाली नाहीत, हे नजरेआड होते. एकाचे दुःख दुसऱ्याच्या दुःखाने फिटते असा हिशेब येथे अभिप्रेत नाही. जाळलेले घर हे जाळलेलेच घर असते, ते कोणाचे होते यावर त्याची राख हलकी-भारी होत नाही. प्रश्न वाचनाचा आहे. भयाला साहित्यात ‘घटना’ म्हणून मान्यता मिळण्यासाठी भोगणाऱ्याला आधी निर्भयतेची सवय असावी लागते काय, हा प्रश्न ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय विचारताच येत नाही.

युद्धोत्तर युरोपीय कादंबरीची समीक्षा आपल्याकडे आवर्जून वाचली जाते. आघात, स्मृती, साक्ष या संज्ञा शोधनिबंधांतून मुक्तपणे वावरतात. त्या संज्ञांची पारख करण्यासाठी वॉर्सापर्यंत जाण्याचे कारण नाही. वॉर्साचा एक माणूस आटपाडीपर्यंत येऊन गेला होता. आघात म्हणजे आयुष्याचे आधी आणि नंतर असे दोन तुकडे पाडणारी घटना, अशी त्या समीक्षेची प्रचलित धारणा. ‘वावटळ’ला ती तंतोतंत लागू पडते. विहिरीच्या काठावर भाकरी घेऊन उभ्या असलेल्या मुलाला ती लागू पडत नाही, कारण प्रेत वर आल्यावर पंचनामा होतो, माणसे पांगतात, आणि तराळकीची पाळी अजून संपलेली नसते.